भोगवटादार : स्वतः

आधी नावानं शोधलं.
संगणकात साळुंखे त्रेचाळीस, त्यात यशवंत तीन,
तिघांपैकी एकही माझा बाप नव्हता.

विट्यापासून अकरा किलोमीटरवरची ग्रामपंचायत.
खिडकीपलीकडून लिपिक हिंदुराव मुळीक
चष्म्यावरून बघत म्हणाले,
"नावावर जाऊ नका ताई, नाव बदलतंय.
नंबर तर दर आकारणीला बदलतोय.
शेजारी सांगा. शेजार हलत न्हाई."

मला शेजार कुठला माहीत?
मी कोईमतूरच्या गल्लीत वाढले, भट्टीच्या वासात,
गलाईवाल्याची पोर,
अजून आकडे तमिळमध्ये मोजते.
जत्रेला आणायचे तेवढंच गाव.
आठवलं ते सांगितलं: समोर पिठाची गिरण,
डाव्या अंगाला लोहाराचा भाता.

मुळीकांनी कपाटातनं नमुना आठ काढला,
लांबडं रजिस्टर, पाठ उसवलेलं,
आणि बोट जिभेला लावून
गावातनं चालायला लागले.
चावडी. मारुती. गिरण. लोहार.
घरं पानांवर रस्त्याच्याच ओळीनं उभी होती.

"हे घ्या. येसू ज्ञानू."

येसू.
तिकडे दुकानाच्या पाटीवर सोनेरी यशवंतराव,
तेजाबानं पिवळी पडलेली बोटं,
आणि इथं निळ्या शाईत,
पोहायला चल म्हणून कुणी हाक मारावी
तसा येसू.

मालमत्ता क्रमांक एकशे चौदा, नवा दोनशे एकोणचाळीस.
वर्णन: दगड-मातीचे, छप्पर पत्र्याचे.
लांबी एकवीस, रुंदी सोळा.
घरपट्टी. आरोग्य कर. दिवाबत्ती कर.
तीस वर्षं ज्या घरात काडी ओढली नाही
त्याची दिवाबत्ती!
"ती खांबावरच्या दिव्याची असते," मुळीक म्हणाले,
"आतल्याची न्हाई."

पुढचा रकाना भोगवटादाराचा. राहतो कोण.
तिथं लिहिलेलं: स्वतः.
चार वर्षांनी फेरआकारणी. पुन्हा स्वतः.
वडील दवाखान्यात नळ्या लावून पडले होते
त्या वर्षीही स्वतः.
ते वारल्यानंतरही.

माझं बोट तिथंच राहिलं. मुळीक थांबले नाहीत,
पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती उलटत गेले.
थकबाकी निरंक.
"मग भरतंय कोण?"
"हस्ते बघा की."
हस्ते: पारूबाई लोहार.
अकरा पावत्या, अकराही मार्च महिन्यातल्या.

पारूबाई शेंगा निवडत बसली होती,
आमच्याच ओट्यावर.
पैसे पुढे केले तर सूप आडवं धरलं.
"तुज्या ओट्यावर शेंगा वाळिवते, भाडं समज.
पट्टी थकली की दाराला नोटीस डकवत्यात.
समोर कागद फडफडताना
मला जेवान जात न्हाई."

म्हटलं, भोगवटादार म्हणून तुमचं नाव लावू.
ती घाबरलीच.
"नगं बाई. नाव लागलं की भांडान लागतं.
माझी नातवंडं, तुझी नातवंडं, कोर्टात वळखी हुतील.
शेंगा वाळू देत की गुमान."

परत गेले. वारसाचा अर्ज, मृत्यूचा दाखला,
भावाचं संमतीपत्र, तेही तिरक्या सहीचं.
मुळीकांनी पेन उघडून विचारलं, "भोगवटादार?"
गिरणीचा पट्टा सुरू झाला होता बाहेर.
"स्वतः," मी म्हणाले.
रात्रीची गाडी होती माझी.

यंदाची पट्टी चारशे बारा रुपये.
नोटा तमिळमध्ये मोजल्या, मराठीत दिल्या.
हस्ते या शब्दापुढे त्यांनी लिहिलं: कावेरीबाई.
मला आजवर कुणी बाई म्हटलेलं नाही.
दुरुस्त करा, म्हणणार होते,
पण मुळीक एकशे पंधराकडे गेले होते,
आणि माझ्यामागे कुणी मोटरसायकलवाला
आपल्या शेजाऱ्यांची नावं सांगत होता.